पडद्यावरचा जिना

आयुष्यभर लोकांचे फोटो काढले, पण बायकोचा एकही नाही. स्टुडिओतला पडदा तिनंच रंगवला होता. त्यावर एक रिकामा जिना. "मी पडद्यामागेच बरी," म्हणायची. ती गेली, आणि हळूहळू तिचा चेहराही आठवेनासा झाला. "बाबा, कुणाच्या तरी फोटोत आई चुकून आली असेल," म्हणत मुलीनं पडद्याचं चित्र मोबाइलवरून इंटरनेटवर टाकून त्यासारखे फोटो शोधले. अनोळखी लोकांनी टाकलेले कितीतरी जुने फोटो समोर आले, सगळे मीच या पडद्यासमोर काढलेले. ती गेल्यानंतरच्या फोटोंत जिन्यावर एक पुसट बाई होती, दरवर्षी एकेक पायरी खाली आलेली. "डाग असेल," मी पुटपुटलो. "डागाला वेणी असते का, बाबा?" गुंडाळलेला पडदा मी उलगडून टांगला. जिना रिकामाच होता. त्याच्यासमोर मी उभा राहिलो. मोबाइलचा कॅमेरा माझ्यावर धरून मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, जरा सरका. आई झाकली जातेय."