एक्केचाळिसावं मिनिट

साडेचार तास ट्रक चालवला की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती सक्तीची. मध्येच चाक फिरलं, तर ट्रकमधलं यंत्र ती मोडली म्हणून नोंदवतं आणि पुन्हा किमान अर्धा तास थांबावं लागतं. जर्मनीतल्या हायवेलगतच्या ट्रकतळावर, भर दुपारी, राडेक स्टीअरिंगवर डोकं टेकून मेल्यासारखा झोपला होता. एक्केचाळिसाव्या मिनिटाला काचेवर धपाधप थापा पडल्या. बाबा! तेही ट्रकवालेच, नाताळनंतर आज पहिल्यांदा दिसत होते. “ऊठ रे, गाडी काढ, मागचा अडकलाय!” झोपेतच त्याने गाडी तळाच्या टोकाला नेली. आरशात पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. “बाबा, चार मिनिटांत सुटलो असतो! तीस वर्षं चालवताय, नियम ठाऊक नाही?” “ठाऊक आहे म्हणूनच ओरडलो.” धापा टाकत म्हातारा शेजारी चढून बसला. आईच्या सुपाचा थर्मास उघडून त्याने खिशातून दोन चमचे काढले. “आता अर्धा तास कायद्यानेच तुला काम करता येणार नाही. जेव सावकाश.”