चौथं चाक

वडील गेल्यापासून त्यांची गाडी विटांवर उभी होती आणि घरात मायलेकी दोघीच होत्या. गाडी उद्या विकायची, म्हणून लेक भरदुपारी टायरांवरचे पांढरे पट्टे साबणाने घासायला बसली. वडिलांचा त्या पट्ट्यांवर फार जीव.

तीन पट्टे दुधासारखे उजळले. चौथ्यावर मात्र ओला चिखल होता. तिने तो पुसला. फडकं पिळून वळली, तर पुन्हा ताजा चिखल, त्यात गवताचं हिरवंगार पातं.

तिने टायरला हात लावला. लांबचा पल्ला मारून आल्यासारखा तो गरम होता.

समोरच्या खिडकीत विणत बसलेल्या आईने मान वर न करताच म्हटलं, "आलात? किती वाट पाहायला लावलीत! आधी हात धुऊन घ्या बघू."

आत न्हाणीघरात कोणीतरी नळ सोडला.