उमेदवार बदलला असता तर

“उमेदवार चुकला, दुसरं काही नाही,” असं म्हणत महिपतीने दुसरं भरलं वांगं ताटात घेतलं. “गेल्या निवडणुकीत आमच्या पक्षाने सुरुवातीपासून दुसरा माणूस उभा केला असता, तर निकाल उलटा लागला असता. मी न्यू जर्सीत घरोघर फिरलोय. लोक दारात उभं राहून हेच सांगायचे.”

“काही फरक पडला नसता,” गिरीश म्हणाला. “लोक महागाईला मत देतात. कोणालाही उभं करा, निकाल तोच.”

गिरीश हमद पोर्टवर इंजिनिअर. अमेरिकेच्या निवडणुकीशी त्याचं घेणंदेणं बातम्यांपुरतंच. पण आज तो हट्टाला पेटून वाद घालत होता, आणि का घालतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

महिपती पुण्याला निघाला होता. दोह्यात विमान बदलायला मध्ये आठ तास होते, म्हणून गिरीश त्याला विमानतळावरून अल वक्राला घरी जेवायला घेऊन आला. आमंत्रण शशिकलाचं. “ओळखीचा माणूस दारावरून जाणार आणि उपाशी?” असं तिचं म्हणणं. ओळख कसली, तर सव्वीस वर्षांपूर्वी शशिकलाला महिपतीचं स्थळ सांगून आलं होतं. सगळं ठरत आलं आणि तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला. महिपतीच्या आईने नकार कळवला. पंधरा दिवसांनी गिरीशच्या घरचे तिला बघायला गेले. गिरीशचे वडील पत्रिकेला लांबूनच नमस्कार करणारे. त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

पुढचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला. तरी गिरीशच्या चपलेत एक खडा राहून गेला होता. आपण दुसऱ्या नंबरचे. मंगळाने एकाला पाडलं म्हणून बिनविरोध निवडून आलो. तिला विचारावं असं त्याला हजारदा वाटलं, पण उत्तराची भीती वाटायची.

शशिकला गरम पोळ्या घेऊन आली. एकच्या ठोक्याला पानं वाढलेली असणं हा तिचा शिरस्ता, मग शुक्रवारची सुट्टी असो की सण. सासूबाई गिरीशला नेहमी सांगायच्या, “जावईबापू, ही जन्मली तीच मुळी जेवणाच्या वेळेला. माझं पान तसंच राहिलं.”

“वहिनी, तुमचं मत सांगा,” महिपती म्हणाला. “उमेदवार बदलला असता तर?”

“मला त्यातलं काय कळतं?” ती हसली. “पण लोक मतं द्यायला जातात तोवर अर्धी निवडणूक होऊन गेलेली असते, एवढं खरं. नावं ठरतात ना, तिथेच.”

“हेच! हेच म्हणतोय मी!” महिपती खूश झाला आणि गिरीशच्या मुलीकडे, अंतराकडे वळला. “तुला माहितेय का, एकेकाळी मीही उमेदवार होतो. तुझ्या आईसाठी.”

कॉलेजात शिकणारी अंतरा घास हातात धरून थांबली. “वेट. म्हणजे तुम्ही माझे डॅड असता?”

“थोडक्यात हुकलो! आमच्या आईने हिच्या जन्मवेळेचा कागद दोन ज्योतिषांना दाखवला. पहाटे चार वाजून दहा मिनिटं, मंगळ सातव्या घरात. आईला अजून पाठ आहे. खलास झालं सगळं.”

अंतरा खो खो हसली. गिरीशलाही हसावं लागलं, पण त्याचे डोळे बायकोच्या चेहऱ्यावर होते. तिथे हळहळ दिसते का, ते तो शोधत होता. शशिकलाने शांतपणे पाहुण्याच्या वाटीत आमटी वाढली.

“मीठ बरोबर आहे ना?” तिने विचारलं.

माणूस खरं तर छान होता. पोटभर जेवला, ताट स्वतः उचललं, अंतराला शिकायला तिकडे ये म्हणाला. गिरीशला त्याचा रागही धड येईना. चार वाजता गिरीश उठला. “यल्ला, महिपतीराव. निघू या.”

गिरीश विमानतळावरून परत आला तेव्हा शशिकला बाल्कनीत चहा घेऊन बसली होती. समुद्राकडून बरा वारा येत होता. तो शेजारी बसला, आणि आज विचारलं नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

“मंगळ आडवा आला नसता तर?”

तिने किटली उचलली. त्याच्या कपात चहा ओतला.

“अहो, तुम्हा दोघांचे फोटो एकाच दिवशी आले होते. मामाने एकाच पाकिटात घालून पाठवले. मी बघितले आणि तुमचा काढून ठेवला. पण घरात सगळ्यांनी अमेरिकेचं धरलं. आधी तेच स्थळ, असं ठरलं.”

गिरीश खुर्चीत पुढे सरकला. “मग?”

“मग काय? माझं अक्षर चांगलं, म्हणून जन्मवेळेचा कागद बाबांनी मलाच लिहायला दिला.” तिने चहाचा घोट घेतला. “पहाटेची ती वेळ सापडायला पंचांग घेऊन तीन दुपारी बसावं लागलं मला.”