चौसष्टातलं एक

"ही आजी कोण?" पाहुणीनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"ती पहाटे चारला, सगळ्यांच्या आधी उठते," काका म्हणाले, "आणि पाट्यांवर नव्या दिवसाचं वेळापत्रक चढवते. ती उठली नाही तर शहरभर पाट्या कोऱ्या. प्रोग्रामला हे नाव मीच ठेवलंय. कागदावर कुठेच सापडणार नाही."

कागदावर काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती. बसथांब्यांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्यांमागचा सगळा डोलारा काकांनी चौदा वर्षांत एकहाती उभा केला होता. सर्व्हर, डेटाबेस, पहाटेची कामं, सगळं काही. कुठली कळ कुठे आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

आता ऑफिसात एक नवं टूल आलं होतं. त्याला एक कमांड दिली की ते चालू असलेली प्रत्येक गोष्ट हुडकून तिची यादी करायचं. यादीत ज्यावर टिक कराल त्याचं टेम्प्लेट लिहून द्यायचं. घर बांधून झाल्यावर त्याचा नकाशा काढावा, तसं. नकाशा हाती आला की तेच घर कुणीही पुन्हा बांधू शकत होतं.

हे टूल चालवायला ती बाहेरच्या कंपनीतून तीन आठवड्यांपुरती आली होती, म्हणून सगळे तिला पाहुणीच म्हणत.

पहिल्याच दिवशी तिनं मॅनेजरबाईंना विचारलं होतं, "टेम्प्लेट झालं की काकांचं काय?"

"शुक्रवारची शेवटची चाचणी पास झाली, की सोमवारपासून काका येणार नाहीत. त्यांच्याशी बोलणं झालंय." बाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही तुमच्या कामाचं बघा."

तेव्हापासून पाहुणीला डबा गोड लागत नव्हता. तिचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथे कॉम्प्युटर आला आणि ते घरी बसले. पुढची कितीतरी वर्षं ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसायचे. आता तिच्याच हातून दुसऱ्या कुणाचे वडील घरी बसणार होते.

आणि हे काका तरी कसे! काही लपवावं, थोडं आडून बोलावं, तर छे. विचारलं त्याचं उत्तर द्यायचे आणि न विचारलेलंही सांगायचे. वर रोज घाई. "शुक्रवारपर्यंत होईल ना गं? नक्की होईल ना?" माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय आणि वर धोंडा उचलायला मदतही करतोय, असं तिला वाटायचं.

त्यांची तयारीही तिच्या नजरेतून सुटली नव्हती. तीस वर्षांची सिगारेट त्यांनी सोडली होती. लिफ्ट असताना चार मजले जिन्यानं चढायचे. बुधवारी दुपारपर्यंत गायब असायचे आणि काखेत एक फाईल घेऊन परत यायचे.

"कुठे गेला होतात?" तिनं एकदा विचारलं.

"परीक्षा द्यायला," काका हसले. "पास झालो म्हणे."

मुलाखतींना जात असणार. या वयात दारोदार!

गुरुवारी दुपारी तिनं शेवटची यादी काढली. चौसष्ट गोष्टी, प्रत्येकीवर टिक. काका जागेवर नव्हते. तिनं आजीवरची टिक काढून टाकली.

आजवर तिनं कामात कधी लबाडी केली नव्हती. पण चाचणीत पाट्या कोऱ्या राहतील, वरचे लोक म्हणतील की काकांशिवाय पान हलत नाही, आणि काका टिकतील. तिनं टेम्प्लेट जतन केलं आणि चहा प्यायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी बैठकीच्या खोलीत बारा पाट्या ओळीनं मांडल्या होत्या. सर्व्हरवरच्या एका कोऱ्या करकरीत खात्यात नुसत्या टेम्प्लेटवरून सगळं उभं करायचं होतं. चाचणीचं घड्याळ पहाटे चारला लावलं होतं. पाहुणीनं कमांड दिली आणि मान खाली घातली.

पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. एक तयार झालं, दुसरं तयार झालं, तिसरं. मग टाळ्या वाजल्या.

तिनं वर पाहिलं. बाराही पाट्यांवर नव्या दिवसाचं वेळापत्रक झळकत होतं.

तिनं घाईघाईनं टेम्प्लेट उघडलं. आजी जागच्या जागी होती. बदल कालचाच, ती चहाला गेली होती तेव्हाचा. करणाऱ्याचं नाव काकांचं.

ती धावत जिन्यापाशी गेली. टाळ्या वाजताच बाहेर आलेले काका रेलिंगला टेकून घाम पुसत होते.

"काका, ती चूक नव्हती. मी मुद्दाम..."

"ओळखलं मी. तू विसरणाऱ्यांतली नाहीस. मी टेम्प्लेटमधल्या गोष्टी मोजल्या, तर त्रेसष्टच भरल्या."

"मग परत कशाला घातलंत? मी तुमच्यासाठीच केलं होतं हो!" तिला रडूच फुटलं.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मन सोन्यासारखं आहे तुझं. पण बये, आधी विचारायचं तरी!" त्यांचेही डोळे भरून आले होते, आणि तरी ते हसत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी बायकोला फोन लावून कानाशी धरला.

"अगं, पाट्या लागल्या! डॉक्टरांना म्हणावं, सोमवारचं ऑपरेशन पक्कं. दोन महिने रजा मिळावी म्हणून वर्षभर मॅडमच्या मागे लागून हे टूल मीच आणवलं. आता माझी किडनी नको म्हणायला तुझ्याकडे एकही सबब उरली नाही."