पाण्यात उभी माणसं

"बाबा, तुमच्या बोलणाऱ्या ब्राउझरला मेलेली माणसं ओळखता येतात का हो?"

'हिम्मत है तो पूछ!' म्हणून मैत्रिणींनी डिवचलं होतं. मधुवंतीने बेधडक विचारून टाकलं. रामघाटावर भिक्षुकी करणाऱ्या बाबांची दृष्टी गेली, तेव्हा फोटोंचं वर्णन वाचून दाखवणारं ते सेटिंग तिनेच लावून दिलं होतं. श्राद्धासाठी यजमान बाबांना आपल्या घरच्या वारलेल्या माणसांचे फोटो मेलवर पाठवत.

"ओळखायचं काय त्यात? ते सगळे पाण्यातच उभे असतात की," बाबा सहज म्हणाले.

"पाण्यात? अहो, स्टुडिओतले फोटो आहेत हे!"

तिने एक उघडला. कुणा यजमानाचे आजोबा खुर्चीत, शेजारी नातू.

"वृद्ध पुरुष, गळ्यापर्यंत पाण्यात," ब्राउझर म्हणाला. "तरुण, कोरडा."

आता मात्र मधुवंती हट्टाला पेटली. तिने घरचाच फोटो लावला. गच्चीवर आई मधे, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला ती.

"स्त्री, कोरडी. मुलगी, कोरडी. पुरुष, गुडघाभर पाण्यात."

बाबा रोज पहाटे एकटेच काठी टेकत गंगेवर स्नानाला जात.

तिने पान पुन्हा लोड केलं.

"पुरुष, कमरेपर्यंत पाण्यात."

पुन्हा.

"पुरुष, छातीपर्यंत पाण्यात. शेजारी मुलगी, त्याचा हात धरून."

"काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?" आई दारात येऊन म्हणाली.

मधुवंतीने बाबांचा हात घट्ट धरला. तो ओला होता.

"आई, बाबा, उद्यापासून स्नानाला मीही येणार. आणि काही झालं तरी हा हात सोडणार नाही."