परतीचं वजन

निजामाची हद्द सीना नदीपाशी संपायची. रझाकारांच्या भीतीनं सारं गाव पलीकडं निघालं होतं, आणि नाव एकट्या सटवाजीची. आषाढाचा वारा चढला तसं त्यानं मोठं शीड उतरवून धाकटं चढवलं. झोत आला की सोडता यावा म्हणून शिडाचा दोर बांधला नाही, मुठीतच धरला. जाताना माणसांच्या भारानं नाव ठाम राहायची. येताना रिकामी नाव वाऱ्यानं पालथी होईल, म्हणून तो माणसागणिक एक धोंडा भरून आणायचा.

शेवटच्या खेपेला कीर्तनकार रंगनाथबुवा पलीकडं उतरले.

"सटवाजी, आता तूबी इथंच ऱ्हा. गावात हाय कोण?"

"कुणी मागं राहिलं असंल तर त्याला कोण आणंल, बुवा?"

"आन् एवढा थोरला धोंडा कशाला रे?"

"तुमचं वजन काय कमी हाय व्हय? दर एकादशीच्या कीर्तनाचा परसाद खाऊन वाढलंय ते!"

हसता हसता बुवांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

एकादशीला सटवाजीनं सगळे धोंडे एकेक करून गावातल्या देवळासमोर नेले आणि ओळीनं मांडले. बुवांचा धोंडा पुढं ठेवून त्याला बुक्का लावला. मग तो मागं, लोक वहाणा काढतात तिथं, आपल्या नेहमीच्या जागी कीर्तन ऐकायला बसला.