नुसतं बघणार

अंगठ्याला कडू औषध फासून झालं, हाताला मोजा घालून झाला, बक्षिसाचं आमिषही दाखवून झालं. पण सात वर्षांची लेक अंगठा चोखायचं काही सोडेना, आणि पुढचे दात छपरासारखे बाहेर यायला लागले. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठा टाळूला टेकू नये म्हणून वरच्या दातांमागे तारेची जाळी बसवायचं ठरवलं. खरं सांगितलं असतं तर पोरीनं घराबाहेर पाऊलही टाकलं नसतं. म्हणून आई गोड आवाजात म्हणाली, "आज डॉक्टर नुसतं बघणार आहेत, राणी."

खुर्चीत बसेपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. मग डॉक्टरीणबाईंनी जाळी चिमट्यात धरून लेकीसमोर आणली.

"ही सहा महिने तुझ्या तोंडात राहणार. मुलांना अंधारात ठेवून मी काही बसवत नाही हं. आईनं सांगितलंय ना सगळं?"

लेकीनं जाळीकडे पाहिलं, मग आईकडे. बराच वेळ पाहिलं.

"हो, सांगितलंय," ती म्हणाली, आणि तिनं आ केला.

दवाखान्याचा जिना उतरताना आईला राहवेना. "तू हो का म्हणालीस गं?"

"मग काय, त्यांच्यासमोर तुला खोटारडी म्हणू?" जाळीमुळे तिचे शब्द बोबडे येत होते.

आईच्या हातातून तिनं आपला हात सोडवून घेतला, आणि कठडा धरून ती एकटीच खाली उतरू लागली.